बोटं वळत नव्हती

जानेवारीतली संध्याकाळ. घड्याळात साडेचारच वाजले होते, पण इंग्लंडातल्या लीड्समध्ये त्या दिवसांत साडेचारला दिवेलागण होऊन गेलेली असते. धाकटीच्या घराच्या दारात मी उभी आणि किल्ली काही केल्या कुलपात जाईना. कुलपाचा दोष नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला मी हातमोजे न घालताच बाहेर पडले होते. दहा मिनिटांचं तर काम, हा पुण्याचा हिशोब. परत येईस्तोवर बोटांच्या पेरांना काही कळेनासं झालं होतं. किल्ली हातात आहे की सुटली, हे डोळ्यांनी बघून ठरवायचं. ती तीनदा पडली. तिसऱ्यांदा उचलायला वाकले तर काखेतली दुधाची बाटली सटकली आणि पायऱ्यांवरून गडगडत फाटकापर्यंत गेली.

शेजारचे आजोबा कुत्र्याला फिरवून परत येत होते. त्यांनी बाटली उचलली, माझ्या हातातून किल्ली घेतली, कुलूप उघडलं आणि माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाले, 'निदर्ड'. मला वाटलं शिवी असावी. धाकटी रात्री घरी आल्यावर हसत सुटली. "ताई, हा इथला यॉर्कशायरचा शब्द. थंडीनं पार काकडलेला माणूस, तो निदर्ड."

मी लहान मुलांच्या पुस्तकांचे अनुवाद करते. बहिणीकडे राहायला गेले तरी काम बरोबर नेलेलं होतं. त्या पुस्तकात एक बदक होतं, एक अस्वल, एक म्हातारा खलाशी आणि एक उंचच उंच शाळामास्तर. सगळे पानोपानी इकडून तिकडे जातात, आणि एकही जण सरळ चालत नाही. बदक वॉडल करतं, अस्वल लंबर करतं, खलाशी हॉबल करतो, मास्तर शॅम्बल करतो. या सगळ्यांना मिळून लेखिकेनं एक विशेषण दिलेलं, क्लम्झी. मी पहिल्या खर्ड्यात त्याला 'वेंधळे' लिहून मोकळी झाले होते. पण कुठेतरी खटकत होतं. वेंधळं अस्वल म्हणजे चष्मा विसरून येणारं अस्वल वाटतं. चालण्यातला जडपणा त्यात येत नाही.

त्या रात्री आल्याच्या चहाचा कप दोन्ही हातांत धरून मी क्लम्झी शब्दाची व्युत्पत्ती काढली आणि कप तसाच हातात राहिला. मध्ययुगीन इंग्रजीत एक क्रियापद होतं, क्लम्सेन. अर्थ थंडीनं बधिर होणं, गारठून आखडणं. शब्दाचं मूळ बहुधा उत्तरेकडचं, स्कँडिनेव्हियातलं. चौदाव्या शतकात लँग्लंड या इंग्रज कवीच्या दीर्घकाव्यात एक पात्र दुसऱ्याला खायला देताना म्हणतं, भूक लागेल तेव्हा हे खा, थंडीनं गारठशील तेव्हा खा, तहानेनं सुकशील तेव्हा खा. त्यातलं गारठणं म्हणजे हेच क्रियापद. म्हणजे संध्याकाळी दारात माझं जे झालं होतं ते, अक्षरशः. वेंधळेपणाचा त्यात संबंध नव्हता. हात गार पडले की कोणाच्याही हातून वस्तू पडते, आणि चुलीपाशी बसलं की हात पुन्हा आपले होतात.

मग हा शब्द माणसाच्या स्वभावाला कसा चिकटला? तिथे एक फारच मजेदार भांडण आडवं येतं.

इ.स. १६०० च्या आसपास लंडनमध्ये दोन नाटककारांचं वाजलं होतं. एक बेन जॉन्सन, दुसरा जॉन मार्स्टन. मार्स्टनला नवे, खडबडीत, तोंडात न मावणारे शब्द वापरायचा सोस. 'अँटोनिओज रिव्हेंज' या नाटकाच्या नांदीत त्यानं चक्क हिवाळ्यालाच क्लम्झी म्हटलंय. जुना अर्थ ध्यानात घेतला तर हे विशेषण किती नेमकं आहे बघा: बोटं आखडवणारा, जाणीव काढून घेणारा हिवाळा. पण जॉन्सनला असल्या शब्दांचा तिटकारा. त्यानं १६०१ साली 'पोएटास्टर' नावाचं नाटक रंगभूमीवर आणलं. नाटक प्राचीन रोममधलं, पण त्यातला क्रिस्पिनस हा फुटकळ कवी म्हणजे मार्स्टन, हे प्रेक्षकांतल्या शेंबड्या पोरालाही कळत असणार. शेवटी त्या कवीला जुलाबाची नव्हे, ओकारीची गोळी देतात. समोर तस्त धरतात. आणि तो एकेक शब्द ओकायला लागतो. ओ... की एक शब्द तस्तात. त्या ओकारीत चिलब्लेन्ड बाहेर पडतो, म्हणजे थंडीनं बोटं सुजून लाल झालेला. आणि त्याच्या शेजारीच क्लम्झी.

मला हा प्रसंग इतका आवडला की मी तो धाकटीला उभं राहून करून दाखवला, तस्ताच्या जागी भाताची कढई घेऊन. गंमत पुढेच आहे. त्या तस्तात पडलेल्या शब्दांतले स्ट्रेन्युअस, कॉन्शस, डॅम्प, स्प्यूरिअस, डिफंक्ट, रेट्रोग्रेड हे शब्द आज कुठल्याही इंग्रजी वर्तमानपत्रात सापडतात. कोणाला त्यांची मळमळ होत नाही. जॉन्सननं घाण म्हणून जे बाहेर काढलं त्यातलं बरंचसं भाषेनं धुऊन-पुसून वापरायला घेतलं. जॉन्सननं पुढे एका मित्राला सांगितलं होतं की, मी मार्स्टनला बडवलं होतं आणि त्याचं पिस्तूल काढून घेतलं होतं. आणि तरी १६०५ मध्ये याच दोघांनी आणखी एकाला जोडीला घेऊन 'ईस्टवर्ड हो' हे नाटक मिळून लिहिलं. नाटकवाल्यांची भांडणं सगळीकडे सारखीच असावीत.

आता माझ्या घरातलं भांडण. साताऱ्याला आजीच्या स्वयंपाकघरात एक फडताळ होतं. वरच्या फळीवर चिनीमातीची पिवळी-पांढरी बरणी, तोंडाला दादरा बांधलेला, आत कैरीचं लोणचं. वर्षाचं. मी नऊ वर्षांची, धाकटी सात. मी जन्मतः डावरी. आजीनं माझा डावा हात जेवताना मांडीखाली ठेवायला लावला, वाढताना पाठीमागे, आणि लोणच्यापापडाच्या बाबतीत तर तो जणू कापूनच ठेवला होता. "हाताला वळण नाही पोरीच्या," हे तिचं पालुपद. एका दुपारी तिनं बरणी काढायला सांगितली. मी स्टुलावर चढले, आणि सवयीनं डावा हात पुढे गेला तशी खालून हाक आली, "उजव्यानं!" मी हात बदलला. बरणी उजव्या हातात आली, अर्धा क्षण राहिली आणि शहाबादी फरशीवर फुटली. तेल, मोहरीची डाळ, हळदीनं पिवळ्या झालेल्या फोडी, चुलीपासून मोरीपर्यंत. आजी काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "वेंधळी गं, वेंधळी."

तेव्हापासून तो शब्द माझा. शाळेत पेला सांडला, वेंधळी. लग्नात अक्षता चुकीच्या दिशेला उडाल्या, वेंधळीच ती. नवऱ्यानं तो माहेराकडून वारसाहक्कानं घेतला. मराठीत या घराण्यातले शब्दही मोजके नाहीत. धांदरट, अजागळ, गबाळी, धसमुसळी. धसमुसळ्यात मला नेहमी एक मुसळ ऐकू येतं, उखळात न पडता बाहेर पडणारं. अजागळ या शब्दाचं नातं संस्कृतातल्या अजागलस्तनाशी सांगतात. शेळीच्या गळ्याला त्या दोन लोंबत्या मांसल गाठी असतात ना, त्या. दिसतात आचळासारख्या, दूध नाही. इतक्या बारकाईनं शेळी बघून माणसाला नाव ठेवणारी संस्कृती थोरच म्हणायची.

पण हे सगळे शब्द माणसाला लागतात, प्रसंगाला लागत नाहीत. 'आज मी जरा वेंधळी झालेय' असं कोणी म्हणत नाही. वेंधळी असते. क्लम्झीही आज तसाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मुलांच्या हालचालींतल्या अडचणींच्या नोंदीखाली 'क्लम्झी चाइल्ड सिंड्रोम' हे नाव छापलेलं होतं. थंडीत आखडलेल्या बोटांपासून निघालेला शब्द मुलाच्या केसपेपरपर्यंत पोचला. अकराव्या आवृत्तीत त्या दुखण्याचं नाव 'हालचालींच्या समन्वयाचा विकासात्मक विकार' अशा वळणाचं झालं. लांबलचक आहे, पण निदान शिव्यांच्या यादीतलं नाही.

डाव्या हाताचं प्रकरण मात्र इंग्रजीत शिरल्यावर मला पुन्हा पुन्हा भेटायला लागलं. गॉश म्हणजे चारचौघांत कसं वागावं याचं भान नसलेला. फ्रेंचमध्ये तो साधा 'डावा'. अड्रॉइट म्हणजे कुशल. त्यात फ्रेंच 'उजवा' किंवा 'सरळ'. त्याच्यापुढे 'वाईट' या अर्थाचं फ्रेंच 'माल' लावलं की मॅलअड्रॉइट, ज्याला ते कसब नाही तो. सिनिस्टर म्हणजे अशुभ, कपटी. लॅटिनमध्ये नुसता डावा. डेक्स्टरस म्हणजे हस्तकुशल. लॅटिन डेक्स्टर, उजवा. आणि हा डेक्स्टर आपल्या 'दक्षिण' शब्दाचा सख्खा भाऊ. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण. त्या दक्षिणेवरून दख्खन. म्हणजे दख्खनच्या पठारावर, साताऱ्यात, फडताळासमोर मी डावा हात मागे घेऊन उभी होते तेव्हा जमीनसुद्धा उजव्याच्या बाजूनं होती.

दोन्ही हात सारखे चालणाऱ्याला इंग्रजीत ॲम्बिडेक्स्ट्रस म्हणतात. फोड केली तर 'दोन्ही उजवे' असणारा. डाव्याला कौतुक मिळायचं तर त्यानं आधी उजवा व्हायचं. मला वाटलं, हा पाश्चात्त्यांचा आडमुठेपणा. मग महाभारत आठवलं. विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपली नावं समजावून सांगतो. सव्यसाची का म्हणतात? तर गांडीव ओढताना माझे दोन्ही हात दक्षिण आहेत, म्हणून. 'उभौ मे दक्षिणौ पाणी.' दोन्ही उजवे! फक्त आपल्याकडे नावात निदान डावा हात शिल्लक राहिला. सव्य म्हणजे डावा. लॅटिनपेक्षा एक माप आपल्या पदरात जास्त.

ऑकवर्ड या शब्दाची कथाही याच गल्लीतली. जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत ओफुगर म्हणजे उलट्या बाजूला वळलेलं. त्यावरून इंग्रजीत ऑक, आणि त्याला 'बॅकवर्ड'मधला वर्ड जोडून ऑकवर्ड. आधी अर्थ होता नुसता 'उलट दिशेनं'. मग उलट्या हातानं, मग बेढब, मग कानकोंडं करणारं. आमच्या ऑफिसातली पोरं हल्ली मराठीतच म्हणतात, "किती ऑकवर्ड झालं यार." त्यांना माहीत नसतं की ती नॉर्स बोलताहेत.

त्या नॉर्सची गाठ पुढच्या शनिवारी यॉर्कला पडली. लीड्सहून आगगाडीनं जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. ८६६ साली डेन व्हायकिंगांनी हे गाव जिंकलं, त्याचं यॉर्विक केलं, आणि ९५४ मध्ये त्यांचा शेवटचा राजा एरिक ब्लडॲक्स याला हाकलेपर्यंत इथे, मधली थोडी वर्षं सोडली तर, त्यांचंच राज्य होतं. त्यांच्या खुणा रस्त्यांच्या नावांत आहेत. स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट. यातलं गेट म्हणजे दरवाजा नव्हे, नॉर्समधला रस्ता. धाकटी हे सगळं गाइडसारखं सांगत पुढे चालली होती आणि मी बर्फाळलेल्या दगडी फरसबंदीवरून तिच्या मागे, कधी भिंत धरत, कधी तिची पर्स धरत.

तिथे चालता चालता मला उलगडत गेलं की इंग्रजीतले धडपडण्याचे कितीतरी शब्द या लोकांनी आणलेले आहेत. स्टॅगर, म्हणजे झोकांड्या खाणं, मुळात ढकलणं, तोल घालवणं. ब्लंडर तर फारच सुंदर. त्याच्या मुळाशी ब्लुंडा, डोळे मिटणं, डुलकी घेणं. स्वीडिश भाषेत आजही ब्लुंडा म्हणजे डोळे मिटणं. तेव्हा ब्लंडर म्हणजे डोळे मिटून चालणं, चाचपडत, धडकत जाणं. बुद्धिबळातली घोडचूक वगैरे अर्थ फार नंतरचे. अनगेनली, म्हणजे बेंगरूळ, त्यातला गेन म्हणजे सरळ. ओफ, म्हणजे ठोंब्या, त्याच्यात अल्फ, एल्फ, परी दडलेली. युरोपात समजूत होती की पऱ्या माणसाचं गोंडस मूल पळवतात आणि पाळण्यात आपलं ठेवून जातात. ते बदललेलं, मंद, हातापायांचं न जमणारं मूल म्हणजे ओफ. हे वाचून मात्र हसू आलं नाही. कुठल्या तरी खेड्यात कोणीतरी आई पाळण्यात बघून, हे माझं नव्हेच, असं म्हणत असणार.

आणि इतकंच नाही. लेग हा शब्दच नॉर्स. पाय त्यांचा, मग पाय अडखळणंही त्यांचं. राँग त्यांचा, मूळ अर्थ वाकडं. वीक त्यांचा, इल त्यांचा. अर्थात स्किलही त्यांचाच, हे न्यायाला धरून सांगायला हवं. तलवार घेऊन आले ते इतिहासात राहिले. शेत केलं, शेजारणींशी भांडले, पोरांना दटावलं, त्यांचे शब्द घरात राहिले. फ्रेंच आले ते नंतर, राजवाड्यातून आणि दिवाणखान्यातून. त्यामुळे बघा, चिखलात पाय अडकायला नॉर्स शब्द लागतो आणि मेजवानीत चुकीचा काटा उचलायला फ्रेंच.

यॉर्कमधली सगळ्यांत प्रसिद्ध गल्ली द शॅम्बल्स. इतकी अरुंद की वरचे मजले एकमेकांना टेकायला आलेत. आज तिथे फज आणि जादूच्या छड्या विकतात, पण शेकडो वर्षं ती कसायांची गल्ली होती. काही दुकानांच्या बाहेर मांस टांगायचे आकडे अजून आहेत, खिडक्यांखाली रुंद फळ्या आहेत. शॅम्बल म्हणजे मुळात बाकडं, मांस मांडायचं. बाकड्यावरून बाजार, बाजारावरून कत्तलखाना, कत्तलखान्यावरून सांडलेलं रक्त, आणि आज मुलाची खोली आवरलेली नसली की आई म्हणते, ही खोली आहे की शॅम्बल्स. पण चालण्याचा शॅम्बल बहुधा त्या बाकड्याच्या पायांवरून आला. तसली बाकडी आपण मांडववाल्याकडे बघतो, तिरपे फाकलेले पाय, वर फळी. तसे फाकलेले, सैल सांध्यांचे पाय असणारा माणूस जसा चालेल तसं चालणं म्हणजे शॅम्बल.

मी त्या गल्लीत उभी राहिले आणि माझा उंच शाळामास्तर मला दिसला. त्याला मी खर्ड्यात 'रखडत' चालवला होता. रखडणं म्हणजे कंटाळा. त्याला कंटाळा आलेला नव्हता, त्याचे पायच मांडवातल्या बाकड्यासारखे होते. 'फेंगडे पाय टाकत मास्तर आले.' लिहिलं तिथेच, फोनवर, पुन्हा बधिर बोटांनी. चार चुका झाल्या.

इंग्रजीत या शब्दांना शेपूट लावायची एक जुनी खोड आहे. स्टंबल, टंबल, फंबल, हॉबल, टॉडल, शफल. शेवटचा तो ल सांगतो की क्रिया बारीक बारीक, पुन्हा पुन्हा होतेय. स्टॅगर, टॉटर, ब्लंडर यांतला र तेच काम करतो. इंग्रजीत 'वेड' (wade) म्हणजे पाण्यातून पाय उचलत चालणं. त्याला शेपूट लावलं की वॉडल. बदक जमिनीवरही पाण्यातूनच चालल्यासारखं चालतं, हे ज्यानं पाहिलं त्याला माझा नमस्कार. मराठी शेपूट लावत नाही, शब्द किंवा त्याचा प्रतिध्वनीच पुन्हा म्हणते. लटपट, डगमग, डुगडुग, लुटुलुटु. आणि कोणाचं चालणं कोणाला द्यायचं याची आपली वाटणी ठरलेली. बाळ दुडूदुडू धावतं. नुकतं जन्मलेलं वासरू लटपटतं. दारुडा झोकांड्या खातो नाहीतर भेलकांडतो. हत्ती डुलतो. यातलं एकाचं दुसऱ्याला दिलं की वाचणारी मुलं हसतात, आणि कधी कधी हसवायचंच असतं.

स्टंबलनं मात्र मला काहीही त्रास दिला नाही. त्याची चुलतबहीण आहे स्टॅमर, बोलताना अडखळणं. पुस्तकात खलाशी आधी दगडाला अडखळतो आणि मग राजकन्येशी बोलताना अडखळतो. इंग्रजीला दोन शब्द लागले. मराठीत एकच, आणि दोन्हीकडे चपखल. पायाचं आणि जिभेचं एकाच क्रियापदात. अनुवादकाला असं काही फुकट मिळण्याचे दिवस वर्षातून दोन-तीनच येतात. एरवी ट्रिपसारखे शब्द वाट्याला येतात. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या गोष्टीत एक नटवा तरुण वीस तऱ्हांनी 'ट्रिप' करतो, म्हणजे हलक्या पावलांनी नाचतो. पुढे याच शब्दानं पाय अडकून पडायचं काम पत्करलं, मग लहानशा प्रवासाचं. आणि आमच्याकडे मिक्सर आणि गीझर एकदम लावला की एमसीबी ट्रिप होते. नाचापासून अंधारापर्यंत.

क्लट्झबद्दल थोडक्यात: यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून, अमेरिकेत आला, मुळात लाकडाचा ओंडका. आपण ठोकळा म्हणतो. लाकूड सगळ्या भाषांना सारखंच सुचतं.

गॅलम्फवर मी दोन दिवस घालवले. लुइस कॅरलनं १८७१ च्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मध्ये तो घडवला, 'जॅबरवॉकी' या कवितेसाठी. राक्षसाचं मुंडकं घेऊन पोरगा परत येतो तो गॅलम्फ करत. गॅलप आणि ट्रायम्फ यांची ही गाठ असावी, विजयाची दौड. म्हणजे जन्मतः हा शब्द मुळीच बावळट नव्हता. पण कानाला काय ऐकू येतं? लम्फ. काहीतरी जड, ओलं, जमिनीवर आपटणारं. कानानं व्युत्पत्तीवर मात केली आणि आज कोश सांगतात, धाडधाड, बेढब चालणं. माझं अस्वल एका पानावर मध मिळाल्याच्या आनंदात गॅलम्फ करत येतं. दोन्ही अर्थ हवेत, आनंद आणि आदळआपट. मिरवत अधिक दौडत, मी लिहिलं, 'मिरौडत'. प्रकाशनाच्या बाईंनी समासात लिहून पाठवलं, 'ताई, हे टंकलेखन तपासा. धावत करू का?' मी 'मिरौडत'च ठेवा म्हटलं. बदकाच्या वेळी मी शहाणी झाले होते. डुलणं हत्तीचं, ते फार देखणं. फतकल मारून बसणं हा शब्द घरात होताच. त्याच्यातून 'फतकत फतकत' काढलं आणि कोणी हरकत घेतली नाही. मुलं नवा शब्द ओळखीच्या आवाजानं स्वीकारतात. मोठी माणसंही, पण त्यांना सांगायचं नाही.

निघायच्या आदल्या रात्री धाकटी भांडी घासत होती, मी पुसत होते. मी तिला गर्व्हास मार्कम या जुन्या इंग्रज लेखकाचं वाचून दाखवत होते. १६१५ साली त्यानं इंग्रज गृहिणीसाठी एक पुस्तक लिहिलं. स्वयंपाक करणारी बाई कशी हवी? अंगानं, कपड्यांनी स्वच्छ. नजर तरबेज, नाक चौकस, जीभ अचूक, कान तयार. आणि ती गोडघाशी नसावी, भित्री नसावी आणि बटर-फिंगर्ड नसावी. बोटांना लोणी लागलेली. आजही क्रिकेटमध्ये झेल सुटला की तिकडे हाच शब्द देतात, आणि आपल्याकडेही गॅलरीतून ओरडतात, हाताला लोणी लावून आलायस का रे.

"आजीनंच लिहिलंय असं वाटतं," मी म्हटलं.

धाकटी काही बोलली नाही. कढई विसळत राहिली. मग नळ बंद केला.

"ताई, लोणी नव्हतं. तेल होतं."

"कसलं?"

"बरणीला. त्या दुपारी, तुम्ही सगळे झोपला होतात तेव्हा, मी दादरा सोडून चार फोडी काढल्या होत्या. हातानं. मग तसाच परत बांधला. बरणीला बाहेरून सगळं तेल लागलं होतं, मला दिसत होतं."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती सेहेचाळीस वर्षांची आहे. तिची मुलगी कॉलेजात जाते.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलणार होते. पण आजी वेंधळी म्हणाली तेव्हा ती तुझ्याकडे बघत होती ना."

तिनं पुन्हा नळ सोडला आणि काचेचा मोठा वाडगा विसळून माझ्यापुढे धरला. "दोन्ही हातांनी घे," म्हणाली, "साबण राहिलाय."